उतारावरचे गवत आणि दोन व्याही

॥ श्री ॥

तिकोणा पेठ,
दि. १८ ऑगस्ट १९६७

रा. रा. दत्तोबा मालपोटे, मुक्काम लोणावळे, यांस महिपती शेडगे याचा सादर नमस्कार. वि. वि.

ईश्वरकृपेने येथे सर्व क्षेम. भाताची लावणी उरकली. देवळात श्रावणाची पोथी लावली आहे. रोज पंचवीस माणसे बसतात, त्यांतली निम्मी ऐकतात व उरलेली माझा मान राखण्यासाठी जागी राहतात. सौ. धोंडाबाईंचे गुडघे पावसाने धरले आहेत, तरी त्या आपल्या कन्येची, म्हणजे आमच्या सूनबाई सौ. सरूची, आठवण रोज काढतात.

पत्रास कारण असे. कामशेतच्या बाजारात ठाकरवाडीचा कान्हू भेटला. दरसाल आमच्या श्रीपतीच्या आरोग्यभवनाच्या टेकाडावरचे गवत विळ्याने कापणारी जी मंडळी, त्यांतला हा. त्याने मला भररस्त्यात थांबवून सांगितले की आता विळ्याचं काम संपलं, बसून चालवायची गवताची मोटार येणार. एक न्हाई, दोन आल्यात, तांबडी आन् हिरवी, मुंबईच्या कुण्या वकिलातीच्या बागेतनं निघालेल्या. त्यातली एक ठेवून घ्यायची ती श्रीपतीनं निवडायची, आन् निवड चुकली तर त्याची मुकादमी जायची. पुढे तो असेही म्हणाला की दत्तोबा हिरवीच्या पोटाखाली उताणे निजलेले असत्यात आन् श्रीपती जवळ उकिडवा बसून त्यांना पाना देतोय.

माझा मुलगा आपल्याला पाना देतो यात मला आनंदच आहे. आपण रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये तीस वर्षे फिटर होतात; आपल्याला पाना देणारे हात नेहमीच लाभले असतील. मला खटकले ते इतकेच की मुलाची अन्नाची जागा ज्या निर्णयावर टांगलेली आहे, त्याची वार्ता मला कान्हूकडून कळावी. चिरंजीवांची जुलैपासून तीन पत्रे आली. पहिल्यात पाऊस, दुसऱ्यात सरूचा खोकला, तिसऱ्यात पुन्हा पाऊस. आपण शेजारी राहता, आम्ही डोंगराआड. कोणास काय सांगावे हे अंतरावर ठरत असेल. मात्र मी जन्मभर उतार कसला आहे. आपले आयुष्य सपाट रुळांवर गेले. उतारावर काय चालते व काय चालत नाही हे विचारायचे झाले तर कोणास विचारावे, एवढाच माझा साधा प्रश्न आहे.

आपल्या प्रकृतीस जपावे. ओल्या जमिनीवर उताणे निजू नये.

आपल्या स्नेहाचा अधिकारी,
महिपती शेडगे


लोणावळे,
दि. २४ ऑगस्ट १९६७

व्याहीबुवा महिपतराव यांच्या सेवेशी दत्तोबाचा नमस्कार. वि. वि.

आपले पत्र सरूने मोठ्याने वाचून दाखवले. ओल्या जमिनीचे वाक्य आले तेव्हा तिने पत्र खाली ठेवले आणि मामंजी तुमच्यावर रागावलेत का, असे मला विचारले. मी म्हणालो, मास्तर लोक रागावत नाहीत, शुद्धलेखन तपासतात.

रूळ सपाट असते तर मला पगार कशाला मिळाला असता? खंडाळ्याचा घाट चढताना इंजिनाला मागून दुसरे इंजिन लावतात हे आपण गाडीत बसून पोथी वाचत असल्यामुळे पाहिले नसेल. थट्टा सोडतो. श्रीपतीने आपणास कळवले नाही, ते चुकले. त्याचे म्हणणे असे पडले की आबांना लिहायचे तर निर्णयच लिहावा, शंका लिहू नये. आबांना शंका आवडत नाहीत. मी त्याला समजावले, पण तो आपलाच मुलगा आहे, हट्ट कोठून आणला ते मी सांगायला नको.

आता यंत्रांविषयी. तांबडे उंच आहे. मागची चाके आपल्या बैलगाडीएवढी, बसायची जागा माणसाच्या छातीला लागेल इतकी वर, आणि दोन चाकांमधले अंतर कमी. दिसायला राजबिंडे. हिरवे बुटके, रुंद, टायर फुगलेले, पाती पोटाखाली. बेडूक बसल्यासारखे दिसते. मी बेडकाच्या बाजूचा आहे. वजन जितके जमिनीजवळ तितके उतारावर बरे.

उतारही मोजला. चार फुटांची काठी घेतली, गवंड्याची पाणसळ लावून ती सपाट धरली, वरचे टोक जमिनीला टेकवले आणि खालच्या टोकाखाली किती पोकळी राहते ते पाहिले. बंगल्यासमोर नऊ इंच भरली. वरच्या अंगाला, पाण्याच्या टाकीपाशी, दीड फूट. विकणाऱ्याचा माणूस म्हणतो एक फुटापर्यंत भ्यायचे नाही. माझा अंदाज आहे की हिरवे टाकीपाशीही जाईल. मात्र उभे चालवायचे, खालून वर आणि वरून खाली, गियर न सोडता. आडवे घातले की कलंडलेच म्हणून समजा.

१० सप्टेंबरला, रविवारी, विश्वस्त मंडळी चाचणी पाहायला येणार आहेत. आपण यावे. आपला शब्द श्रीपतीला हवा आहे, तो मागत नाही एवढेच. सरू म्हणते गुळाची पोळी करीन.

आपला, पाठीला माती लागलेला,
दत्तोबा


॥ श्री ॥

तिकोणा पेठ,
दि. ३० ऑगस्ट १९६७

चि. श्रीपती यास आबांचे अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

तुझ्या सासऱ्यांकडून सविस्तर हकीकत कळली. त्यांच्या हातून कळली हे तुझ्या ध्यानात असावे म्हणून प्रथम लिहिले. मी शंका सहन करीत नाही असे तू त्यांना सांगितलेस म्हणे. बाळा, शंका सहन करणे हा शिक्षकाचा धर्मच. चाळीस वर्षे मी दुसऱ्यांच्या मुलांच्या शंका सहन केल्या.

निर्णय हवा असेल तर निर्णय देतो. तांबडे यंत्र घ्यावे. चाक मोठे असले की दगड त्यास अडवीत नाही, हे गाडी हाकणारा कोणीही सांगेल. वर बसलेल्या माणसास पुढचा खड्डा आधी दिसतो. आणि मुकादमाने बेडकावर बसून फिरावे, हे आरोग्यभवनातील आजारी माणसांच्याही मनास उभारी देणारे दृश्य नव्हे.

दुसरी गोष्ट याहून मोठी. उतारावर आडवेच चालायचे. आपल्या वरच्या वावरात नांगर कधी उभा घातलेला तू पाहिलास काय? उभी सरी पाडली की पहिल्याच पावसात माती ओढ्यात जाते. माझ्या वडिलांनी मला हेच शिकवले, मी तुला शिकवले. आपल्या बांधावरची मूठभर माती आजवर खाली गेली नाही. बैलास जे कळते ते यंत्रास कळत नसेल तर यंत्रास शिकवावे. इंजिनशेडमधील अनुभव मोठा, त्याचा मी आदर करतो. परंतु मातीचा धर्म लोखंडास विचारायचा नसतो.

तू दोन वर्षांचा असताना त्याच वावराच्या उतारावर, माझी दोन बोटे धरून, पहिल्यांदा चाललास. आडवाच चालला होतास.

घरचा गणपती दीड दिवसाचा. तो पोहोचवून मी शनिवारी निघेन व रविवारी समक्ष हजर राहीन. माझ्यासमोर तांबडे यंत्र टाकीपाशी आडवे चालवून दाखव. विश्वस्त कोणाचे ऐकतात ते पाहू. तुझे ऐकणे मात्र मी गृहीत धरतो.

सौ. सरूस आशीर्वाद. तिच्या वडिलांनी उगाच श्रम घेऊ नयेत असे तिने त्यांस सांगावे.

तुझे कल्याण चिंतणारा,
आबा


लोणावळे,
दि. १४ सप्टेंबर १९६७

महिपतराव व्याही यांस नमस्कार. वि. वि.

पाय उशीवर आणि पाटी मांडीवर घेऊन लिहितो आहे, अक्षर वाकडे दिसले तर गुण कापू नका.

रविवारचे निम्मे आपण खुर्चीत बसून पाहिले. उरलेले निम्मे सांगणे मला भाग आहे, कारण मी मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती. तांबड्यावर श्रीपती टाकीपाशी आडवा निघाला. मी चढाच्या बाजूने त्याच्या बरोबरीने चालत होतो, कारण मला करमेना. दहा पावले गेला नाही तोच माझ्याकडचे मागचे चाक जमीन सोडून वर आले. मी पायरीवर उडी टाकली. माझ्या वजनाला सरूच्या आईने हयातभर नावे ठेवली, त्या दिवशी ते कामी आले. चाक खाली बसले, पण माझा डावा पाय घसरून त्याच्याखाली गेला. दोन बोटे मोडली. डॉक्टरांनी प्लास्टर घातले आहे, सहा आठवडे. श्रीपतीला खरचटलेसुद्धा नाही. त्याने इंजिन बंद केले आणि तेथेच गवतात बसला. 

विश्वस्तांनी विचारले की हे आडवे चालवायला सांगितले कोणी. श्रीपती तोंड उघडणार इतक्यात मी बोललो, मी सांगितले. ते म्हणाले, आपण तर उभे चालवा म्हणत होतात. मी म्हटले, म्हाताऱ्याचे मन, फिरले. त्यांना ते पटले नसावे. मुकादम कोणाच्याही सांगण्यावरून यंत्र उलथवणारा असेल तर बागेचे काय व्हायचे, असे एकजण म्हणाला. श्रीपतीला ठेवायचे की नाही ते ते महिन्याभरात ठरवणार आहेत.

आपले नाव तेथे निघू नये असे मला वाटले. परक्यांसमोर, मुलासमोर. यात मोठेपणा काही नाही.

फाटकावरचा बुधा म्हणाला की मास्तर चारच्या गाडीनं गेलं, च्या-पान्याचं इचारलं तर हात हालवला. सरू ताट झाकून बसली होती. आपण खुशाल पोहोचलात एवढे दोन ओळींनी कळवावे. तिला घोर लागला आहे, आणि मलाही.

आपला,
दत्तोबा


॥ श्री ॥

तिकोणा पेठ,
दि. १९ सप्टेंबर १९६७

परममित्र दत्तोबा यांस महिपतीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

खुशाल पोहोचलो. पुढे जे लिहितो ते सरूने मोठ्याने वाचू नये.

मी पळून आलो. आपला पाय चाकाखाली गेला त्या क्षणी श्रीपती ओरडला. तो 'मामा' असे ओरडला. दत्तोबा, आपण वेदनेने खाली बसलात आणि माझ्या मनात प्रथम आले ते हे, की तो 'आबा' म्हणून ओरडला नाही. ज्याचा पाय चिरडतो त्याचेच नाव माणूस घेणार, हे पहिलीतल्या पोरास कळते. मला ते कामशेत येईपर्यंत कळले नाही. तोवर मी गाडीत बसून आपला द्वेष करीत होतो.

देवळात मी षड्रिपूंवर किती वर्षे बोलतो आहे, आपण जाणता. काम, क्रोध, लोभ, मोह, मद यांवर माझी वाणी चांगली चालते. सहाव्यापाशी आलो की दरवर्षी वेळ संपते आणि मी पोथी बांधतो. या वर्षीही बांधली. श्रोत्यांत देवळाची गुरवीण बसते. तिने काल उठता उठता विचारले की मास्तर, त्यो सहावा कोण ते राहिलंच की ओ. मी तिला उद्या सांगतो म्हणालो. आज सांगितले. नाव सांगितले, पत्ता सांगितला नाही.

आपण माझा दोष आपल्या अंगावर घेतलात. मी आभार मानावेत हे उचित. परंतु या पत्रात एकच नियम पाळायचे ठरविले आहे, की खरे तेच लिहावे. मला त्याचाही मत्सर वाटला. यंत्र आपणास कळते, उतार आपण मोजलात, मुलगा आपल्या अंगणात, आणि आता क्षमादेखील आपलीच. माझ्या वाट्यास काय राहिले? तेव्हा ध्यानी आले की एक वस्तू राहिली होती आणि तीही आपण उचललीत. तो दोष माझा आहे. मी श्रीपतीस दिलेली आणि आपण न दिलेली तेवढी एकच गोष्ट या प्रकरणात आहे. ती मला परत द्यावी.

विश्वस्तांस मी आजच पत्र टाकले आहे. आज्ञा माझी, ३० ऑगस्टची, लेखी, मुलाने ती पित्याची म्हणून पाळली, श्री. मालपोटे यांनी जे सांगितले ते माझी लाज राखण्यासाठी सांगितले. मुकादमाचा यात अपराध नाही. नांगराचा नियम यंत्रास लावणे ही माझी चूक होती. नांगरासाठी तो नियम आजही खरा आहे, हेही मी त्यात लिहिले. तेवढे लिहिल्याशिवाय राहवले नाही.

सौ. धोंडाबाईंनी मेतकूट व तांदूळ पाठवले आहेत. पाय हलवू नये. मी येऊन पाहीन असे लिहिणार होतो. आपण बोलवाल तेव्हा येईन.

आपल्या पायाचा अपराधी,
महिपती


लोणावळे,
दि. १३ ऑक्टोबर १९६७

तीर्थरूप आबांच्या चरणी श्रीपतीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

काल दसरा झाला. येथे सर्व बरे आहेत. मामा काठी टेकून अंगणापर्यंत येतात. सरूचा खोकला थांबला.

विश्वस्तांनी परवा मला बोलावले होते. त्यांच्यासमोर दोन कागद होते, एक आपला व एक मामांनी पुन्हा लिहून दिलेला, आणि दोहोंत लिहिणाऱ्याने चूक स्वतःचीच म्हटली होती. अध्यक्ष म्हणाले की या बागेत दोष मागणारे फार झाले. मग त्यांनी मला विचारले की खरे काय. मी जे सांगितले ते आपणास कळवले पाहिजे, म्हणून हे पत्र.

आबा, चाचणीच्या आदल्या शुक्रवारी मी एकटाच टाकीपाशी गेलो होतो. पाणसळ आणि काठी घेऊन मीही मोजले. विकणाऱ्याच्या माणसाला बोलावून तांबड्याचे चाक पहारीने उचलून पाहिले. किती थोड्या उचलीने ते कलते हे मी डोळ्यांनी पाहिले होते. रविवारी बसलो तेव्हा ते कलंडणार हे मला माहीत होते. आपण समोर खुर्चीत बसला होतात. मला नाही म्हणता आले नाही, म्हणून मी चाक वळवले. आज्ञा आपली होती, पण सुकाणूवर हात माझे होते आणि ठाऊकही मलाच होते. मामांचा पाय माझ्यामुळे मोडला. मी विश्वस्तांना हेच सांगितले, आणि मुकादमी काढून घेतली तरी तक्रार नाही असे म्हटले.

त्यांनी काढून घेतली नाही. एक वर्ष पाहू म्हणाले. मात्र निवड त्याच बैठकीत सांगायला लावली, आणि कोणाला विचारायला बाहेर जायचे नाही असे बजावले.

मी हिरवे घेतले. तांबडे परत गेले. हिरवे बंगल्यापासून मधल्या आंब्याच्या झाडापर्यंत चालेल, उभे, गवत वाळल्यावर. टाकीपाशी ते न्यायचे नाही. मामांचा अंदाज होता की तेथेही जाईल. मला तो पटला नाही आणि मी त्यांना तसे सांगितले. ते दोन दिवस बोलले नाहीत, आता बोलतात. टाकीपाशी विळाच चालेल. कान्हू आणि ठाकरवाडीची माणसे पूर्वीप्रमाणे आडवी रांग धरून कापतील आणि ते गवत त्यांचे. यंत्राने चिरलेले गवत छप्पर शाकारायला चालत नाही, हे मला कान्हूच्या रांगेतल्या बाया ठाकरणीने सांगितले. वीस वर्षे तो चढ ती कापते आहे आणि तिला आजवर कोणी विचारले नव्हते.

यंत्राची पूजा काल झाली. नारळ कोणी फोडायचा, असा प्रश्न आला. आपण वडील, मामा वडील. एकाला बोलावले असते तर दुसऱ्याला लागले असते. मी नारळ बायाच्या हाती दिला. ती म्हणाली की म्या न्हाई बाई, ही मशीन माझ्या पोटावर आली व्हती. मग तिने फोडला.

आपण रागवाल तर रागवावे. दिवाळीत आम्ही तिघे पेठेस येतो, मामांसह, त्यांचा पाय साथ देईल तर.

आपला आज्ञाधारक राहू न शकलेला,
श्रीपती


॥ श्री ॥

तिकोणा पेठ,
दि. १९ ऑक्टोबर १९६७

प्रिय दत्तोबा यांस महिपतीचा नमस्कार. वि. वि.

श्रीपतीचे पत्र आले. आपणास त्यातील मजकूर ठाऊक असेलच. मी ते सौ. धोंडाबाईंस वाचून दाखविले. शेवटी सही वाचली तेव्हा त्यांनी पत्र हातातून घेतले व देवापाशी ठेवले. त्यांना अक्षर येत नाही. तरी दिवसातून दोनदा ते उलगडून पाहतात.

टाकीपाशी आपलाही अंदाज चुकला हे वाचून मला जे समाधान झाले ते लपवीत नाही. आपण दोन दिवस अबोला धरलात हे वाचून त्याहून अधिक झाले. आजवर मला वाटत होते की या घरात असा रुसणारा माणूस मी एकटाच आहे.

शुक्रवारी मोजून ठेवले आणि रविवारी माझ्यासाठी चाक वळविले, या एका ओळीवर मी चार दिवस अडलो आहे. मुलगा माझे ऐकत नाही म्हणून मी जळत होतो, आणि तो इतके ऐकत होता की जिवावर बेतले असते. याहून अधिक काही मला या विषयावर लिहवत नाही.

दिवाळीपर्यंत थांबू नये. धरणाच्या कामावरची लॉरी कामशेतहून रोज येते. चालकास मी सांगून ठेवले आहे, तो आपणास पुढच्या बाकावर बसवील. पाय बरा होईपर्यंत येथेच राहावे. ओटीवर आपली बाज घातली आहे. समोर वरचे वावर दिसते, नाचणी कापणीस आली आहे. कशी कापावी यावर आपले मत मला चालेल.

श्रीपती आता आपल्या दोघांनाही विचारणार नाही. आपण एकमेकांस विचारीत जाऊ.

वाट पाहणारा,
महिपती